राष्ट्रीय गुणवत्ता शिष्यवृत्तीचा अर्ज: कागद जमवण्यापासून पैसे खात्यात येईपर्यंत

बारावीचा निकाल लागतो, कॉलेजात प्रवेश होतो, आणि भर पावसाळ्यात एक दिवस वर्गात सूचना येते, ‘सेंट्रलची स्कॉलरशिप भरायची असेल त्यांनी भरा.’ ती कोणासाठी आहे, किती रकमेची आहे, कुठे भरायची, हे त्या सूचनेत नसतं. मुलं ऐकतात आणि विसरतात. मग चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी येते, गाव गजबजतं, कॉलेज बंद होतं, आणि पुन्हा उघडतं तेव्हा धावपळ सुरू होते.

मी उत्तर गोव्यातल्या एका कॉलेजात शिकवते आणि काही वर्षं शिष्यवृत्तीच्या अर्जांचं काम बघते आहे. गुण कमी पडले म्हणून अर्ज गेला, असं माझ्यासमोर क्वचितच घडलं. अर्ज गेले ते नावातल्या एका अक्षरावरून, वापरात नसलेल्या बँक खात्यामुळे, आणि सगळ्यात जास्त वेळा ‘मी भरला की, पोर्टलवर दिसतोय’ म्हणून मुलं स्वस्थ बसली त्यामुळे. म्हणून खाली जे लिहिते आहे त्यात फॉर्म भरण्याचा भाग थोडा आहे. त्याच्या आधीचं आणि नंतरचं जास्त आहे.

आधी ठरवा, तुमची शिष्यवृत्ती कोणती

पदवीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या बहुतेकांसाठी पहिलं दार म्हणजे केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाची योजना. तिचं आजचं नाव पीएम-यूएसपी. कॉलेजांत अजून जुन्या नावाने ‘सेंट्रल सेक्टर’ म्हणतात. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना वर्षाला 12,000 रुपये आणि पदव्युत्तर शिक्षणाला वर्षाला 20,000 रुपये मिळतात. चार वर्षांच्या इंजिनिअरिंगला चौथ्या वर्षी 20,000 मिळतात. देशभरात दरवर्षी 82,000 पर्यंत नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात आणि त्यांतल्या निम्म्या मुलींसाठी असतात. घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवं, कोर्स नियमित हवा (दूरशिक्षण आणि डिप्लोमा चालत नाही), आणि दुसरी कुठलीही शिष्यवृत्ती चालू नसावी.

गुणांची अट मात्र नीट समजून घ्या, कारण इथे पालकांचाही घोळ होतो. अट 80 टक्क्यांची नाही, 80 पर्सेंटाइलची आहे. तुमच्या बोर्डाच्या तुमच्या शाखेतले विद्यार्थी गुणांप्रमाणे रांगेत उभे केले, तर शंभरातले ऐंशी तुमच्या मागे असायला हवेत. त्यामुळे कट-ऑफचे गुण दर वर्षी बदलतात आणि शाखेप्रमाणेही बदलतात. कला शाखेच्या मुलीला 76 टक्के असतील तर तिने स्वतःच स्वतःला बाद करू नये. गोवा बोर्डाच्या मुलाची तुलना गोवा बोर्डाच्याच मुलांशी होते, दिल्लीच्या सीबीएसईवाल्यांशी नाही. राज्यांचा वाटा 18 ते 25 वयोगटाच्या लोकसंख्येवर ठरतो, आणि पुढे तो विज्ञान, वाणिज्य, कला यांच्यात 3:2:1 असा वाटला जातो. गोवा लहान, म्हणून आपला वाटाही लहान. पण अर्ज करणारेही त्याच प्रमाणात कमी असतात. त्या वर्षीचा कट-ऑफ कॉलेजच्या कार्यालयातून किंवा पर्वरीच्या बोर्डाकडून विचारून घ्या. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणाऱ्या आकड्यावर जाऊ नका.

बीएस्सी करणाऱ्यांसाठी दुसरं दार आहे, विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचं ‘इन्स्पायर-शी’. ही शिष्यवृत्ती मोठी आहे, वर्षाला 80,000 रुपयांची. त्यातले 60,000 हातात येतात आणि 20,000 उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी असतात. बारावीला आपल्या बोर्डात पहिल्या एक टक्क्यात असणं ही तिची एक वाट. विषय मूलभूत विज्ञानाचे हवेत: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र, भूशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र असे. बायोटेक्नॉलॉजी आणि कॉम्प्युटर सायन्स या यादीत बसत नाहीत. प्रवेश घेण्याआधीच हे कळलेलं बरं. इन्स्पायरचा अर्ज त्या योजनेच्या स्वतःच्या पोर्टलवर करायचा असतो, आणि बोर्डाने पात्रतेची सूचना किंवा पत्र दिलं असेल तर ते सोबत लावायचं.

एमए, एमएस्सी, एमकॉमच्या पहिल्या वर्षाला असाल तर यूजीसीची पदव्युत्तर राष्ट्रीय शिष्यवृत्ती बघा. महिन्याला 15,000 रुपये, वर्षातले दहा महिने, दोन वर्षं. देशात 10,000 जागा असतात, निवड पदवीच्या गुणांवर होते, आणि 30 टक्के जागा मुलींसाठी आहेत. ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात, मराठीत एमए करणाऱ्या मुलांना मी हे मुद्दाम सांगते, कारण आपल्या विषयाला अशी शिष्यवृत्ती असते याची कल्पनाच त्यांना नसते.

अनुसूचित जमातीच्या, म्हणजे गावडा, कुणबी, वेळीप समाजांतल्या मुलांनी आणि इतर राखीव गटांतल्यांनी पोस्ट-मॅट्रिक (म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणाची) योजना आणि ‘सेंट्रल सेक्टर’ यांची आधी तुलना करावी. दोन्ही एकदम घेता येत नाहीत. कोणती जास्त फायद्याची ते तुमच्या कोर्सच्या फीवर अवलंबून असतं. एक संध्याकाळ बसून बेरीज करा, मग निवडा.

कागद: चवथीच्या आधी

राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल अलीकडच्या वर्षांत जून-जुलैत उघडतं आणि केंद्रीय योजनांची मूळ मुदत साधारण ऑक्टोबरच्या अखेरीस संपते. मुदत वाढतेही, पण त्या भरवशावर राहू नका. गोव्यात मधे चवथ येते आणि कॉलेजं, कार्यालयं, माणसं सगळीच त्या दिवसांत आपापल्या घरी असतात. म्हणून माझा एकच आग्रह असतो, कागद चवथीच्या आधी हातात हवेत.

सर्वांत वेळ खातो तो उत्पन्नाचा दाखला. तो मामलेदार कार्यालयातून मिळतो. अर्ज गोवा ऑनलाइनवरूनही करता येतो, पण तलाठ्याकडून चौकशी व्हायची असते आणि तिला दिवस लागतात. वडील खाजगी नोकरीत असतील तर पगाराचं प्रमाणपत्र, आई-वडील दोघेही कमावत असतील तर दोघांचं, शेती-बागायत असेल तर तिचंही उत्पन्न, हे सगळं आधीच गोळा करून जा. दाखल्यावरचा आकडा आणि फॉर्ममध्ये टाकायचा आकडा एकच हवा. हा मोह बऱ्याच जणांना होतो, पण फॉर्मवर उत्पन्न ‘अंदाजे’ टाकू नका.

दुसरी गोष्ट नावाची, आणि ही गोव्याची खास अडचण आहे. आपल्याकडे एकाच आडनावाची रोमन स्पेलिंगं दोन-तीन चालतात. शिरोडकर एस-एचने की एक्सने? गावकर के-ने की सी-ने? नाईकच्या शेवटी नुसता के, की क्यू-यू-ई? आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत एक, वडिलांच्या रेशनकार्डावर दुसरं, आणि तुमच्या आधारवर तिसरंच. कुठे ‘उर्फ’ लागलेलं, कुठे वडिलांचं नाव मधे आहे, कुठे नाही. संगणकाला हे कळत नाही. त्याच्या दृष्टीने ती दोन वेगळी माणसं असतात.

म्हणून आजच तीन कागद शेजारी शेजारी ठेवा: बारावीची मार्कशीट, आधार, बँक पासबुक. अक्षरन् अक्षर लावून बघा. जन्मतारीखही बघा. फरक दिसला तर मार्कशीटप्रमाणे आधार दुरुस्त करून घेणं बहुतेक वेळा सोपं जातं. पण लक्षात असू द्या, आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. घाईत चुकीची दुरुस्ती करून बसू नका. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, तेही पाहा. तो बदलायचा असेल तर शेवटच्या दिवसांवर ठेवू नका. पेडण्याच्या एका मुलीचा नंबर वडिलांच्या जुन्या सिमचा होता. ते सिम कधीच बंद झालेलं. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात आम्हाला हे कळलं. ओटीपी येणार कुठे? त्या वर्षी तिचा अर्ज राहिला, आणि पहिल्या वर्षाचा अर्ज एकदा राहिला की राहिलाच.

बाकी कागद सोपे: कॉलेजचं बोनाफाइड, राखीव गटात असाल तर जातीचा दाखला, दिव्यांग असाल तर तो दाखला. सगळे सरळ, स्वच्छ उजेडात स्कॅन करा. मोबाइलने फोटो काढणार असाल तर टेबलावर ठेवून काढा, मांडीवर धरून नको.

बँक खातं

यावर मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण मंजूर झालेली शिष्यवृत्ती इथे अडकते आणि मुलाला कारणच समजत नाही.

पैसे थेट खात्यात येतात, पण तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात येतीलच असं नाही. ते येतात तुमच्या आधारला जोडलेल्या खात्यात. बँकेत केवायसीसाठी आधारची झेरॉक्स दिली म्हणजे हे जोडलं गेलं असं नव्हे. त्याला वेगळी संमती द्यावी लागते. आणि दोन-तीन बँकांत खाती असतील तर सर्वांत शेवटी जे आधारला जोडलं गेलं, त्यात पैसे जातात.

माझ्या एका विद्यार्थ्याचं शाळेत असताना शून्य शिल्लकीचं खातं काढलं होतं. ते पुढे कोणी वापरलं नाही. कॉलेजात आल्यावर त्याने दुसऱ्या बँकेत नवं खातं उघडलं, फॉर्मवर तेच लिहिलं. शिष्यवृत्ती मंजूर झाली, पैसे निघाले आणि परत गेले, कारण आधार अजून त्या जुन्या, झोपलेल्या खात्यालाच जोडलेलं होतं. त्याने किती फेऱ्या मारल्या, किती खिडक्यांपुढे उभा राहिला, ते मी पाहिलं आहे. कोणीही त्याला एका वाक्यात कारण सांगितलं नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

तपासायला पाच मिनिटं लागतात. ‘माय आधार’ या संकेतस्थळावर लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा. सीडिंग म्हणजे पैसे येण्यासाठी खातं आधारला जोडणं. तिथे बँकेचं नाव आणि ते चालू आहे की नाही हे दिसतं. खातं चुकीचं असेल तर हव्या त्या बँकेच्या शाखेत जाऊन ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग करायचं आहे’ हेच शब्द वापरा (डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात जमा होणं). नुसतं ‘आधार लिंक’ म्हणाल तर ते केवायसी करून देतील. काही दिवसांनी पुन्हा तपासा. आणि खातं तुमच्या स्वतःच्या नावाचं हवं, आईच्या किंवा बाबांच्या नाही.

फॉर्म

पोर्टलचा पत्ता ‘स्कॉलरशिप्स डॉट गव्ह डॉट इन’. शेवटी ‘गव्ह डॉट इन’ नसलेल्या कुठल्याही साइटवर आधार नंबर टाकू नका. अर्जाला कसलीही फी नाही. कोणी फोन करून फी मागितली तर फोन ठेवून द्या.

सुरुवातीला ओटीआर, म्हणजे एकदाच करायची नोंदणी. त्यासाठी मोबाइलवर चेहरा ओळखण्याची प्रक्रिया असते. ती दिवसा, चांगल्या उजेडात आणि नेटवर्क असलेल्या जागी करा. सत्तरीतल्या किंवा सांग्यातल्या काही वाड्यांवर रेंज येत-जात असते, तेव्हा कॉलेजात असतानाच उरकून घ्या. चौदा आकडी ओटीआर क्रमांक मिळेल. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि घरी कोणालातरी सांगून ठेवा. पुढच्या सगळ्या वर्षांना हाच लागतो. पुन्हा नवी नोंदणी करू नका, एका माणसाला एकच क्रमांक असतो.

फॉर्ममध्ये संस्था निवडताना एक चूक नेहमी होते. तुम्ही साखळी, म्हापसा, फर्मागुडी, मडगाव, केपे, कुठल्याही संलग्न कॉलेजात असाल तर संस्था म्हणून तुमचं कॉलेज निवडायचं, गोवा विद्यापीठ नव्हे. विद्यापीठ निवडायचं ते ताळगावच्या आवारातल्या विभागांतल्या विद्यार्थ्यांनी. नाहीतर अर्ज अशा टेबलावर जातो जिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही. ओळख पटवायला कॉलेजकडून आयशे कोड, म्हणजे उच्च शिक्षणाच्या सरकारी सर्वेक्षणातला संस्थेचा क्रमांक, विचारून घ्या. कॉलेजांचा सी-ने सुरू होतो, विद्यापीठांचा यू-ने. कोर्सचं नाव आणि वर्षही नेमकं तेच निवडा जे बोनाफाइडवर आहे.

शेवटचं बटण दाबण्याआधी मैत्रिणीला किंवा भावंडाला मोठ्याने वाचून दाखवायला लावा. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही.

सबमिट झालं, आता कॉलेजात चला

अर्ज पोर्टलवर गेला की तो आधी कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्याकडे येतो. हा बहुतेक वेळा तुमच्या-आमच्यासारखाच शिकवणारा कोणीतरी असतो, तास घेऊन हे काम करणारा. त्याने पडताळणी केली तरच अर्ज पुढे राज्य पातळीवर जातो. पडताळणीला विद्यार्थ्यांच्या मुदतीहून वेगळी मुदत असते आणि ती संपली की अर्ज तिथेच थांबतो.

म्हणून छापील अर्ज आणि कागदांच्या मूळ प्रती घेऊन स्वतः जा. ‘सर, माझा अर्ज आला आहे का बघाल?’ एवढं विचारायला संकोच करू नका. दर वर्षी दोन-तीन मुलं असतात ज्यांना वाटतं की असं विचारणं म्हणजे मागे लागणं. तसं नाही. विचारलंत तर आमचंच काम हलकं होतं. पोचपावतीवर तारीख लिहून घ्या.

मग दर आठवड्याला पोर्टलवर स्थिती बघा. ‘डिफेक्टिव्ह’ असं दिसलं तर घाबरू नका. अर्ज नाकारलेला नाही, दुरुस्तीसाठी परत आला आहे. कारण तिथेच लिहिलेलं असतं. दुरुस्त करा, पुन्हा पाठवा आणि पुन्हा कॉलेजात जाऊन सांगा, कारण दुरुस्त केलेला अर्ज परत आल्याचं नोडल अधिकाऱ्याच्या लगेच लक्षात येईलच असं नाही. ‘रिजेक्टेड’ दिसलं तर मात्र त्याच दिवशी भेटा.

यादीत नाव आल्यावर पैसे कुठवर पोचले ते पीएफएमएसच्या, म्हणजे केंद्राच्या सरकारी पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्रणेच्या, संकेतस्थळावर ‘ट्रॅक एनएसपी पेमेंट्स’मध्ये दिसतं.

जिथे नुसते गुण पुरत नाहीत

विज्ञानाच्या मुलांना पुढे अशा संधी मिळतात जिथे चार ओळी लिहाव्या लागतात आणि शिक्षकाचं पत्र लागतं. बेंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. त्यात दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाबरोबर काम करायला मिळतं. अर्ज साधारण नोव्हेंबरच्या आसपास मागवतात. मनोहर पर्रीकर गोवा स्कॉलर्स ही आपल्या उच्च शिक्षण संचालनालयाची योजना पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे. ती राष्ट्रीय नाही, पण तयारी तीच लागते.

लिहिताना ‘लहानपणापासून मला विज्ञानाची आवड आहे’ असं लिहू नका. निवड करणाऱ्याने ते वाक्य त्या दिवशी पन्नास वेळा वाचलेलं असतं. चोडणच्या एका मुलाने पहिल्या मसुद्यात हेच लिहिलं होतं. मी विचारलं, घरी काय करता? म्हणाला, आमचं खाजन (खाडीकाठची बांध घातलेली शेती) आहे, मानस (बांधातलं पाण्याचं दार) नीट बंद झाली नाही की खारं पाणी शेतात शिरतं, मग भात जातं. मी म्हटलं, हेच लिही. पाणी किती खारं झालं की भात जातं, ते तुला कधी मोजावंसं वाटलं का? त्याने त्यावर लिहिलं. आधी मराठीत, मग इंग्रजीत. तो क्रम मी सगळ्यांना सुचवते. मनात असलेली गोष्ट मराठीत नेमकी उतरते, मग तिचं इंग्रजी करताना काय सांगायचं ते ठाऊक असतं.

शिफारसपत्र मागताना निदान तीन आठवडे आधी जा. ज्यांनी तुम्हाला प्रयोगशाळेत किंवा प्रकल्पात काम करताना पाहिलं आहे त्यांच्याकडे जा, मोठ्या पदाच्या माणसाकडे नको. प्राचार्यांनी ‘हुशार आणि शिस्तप्रिय’ लिहिण्यापेक्षा, ‘तिसऱ्यांदा टायट्रेशन चुकलं तेव्हा हिने स्वतःहून बाटलीवरची तारीख तपासली’ असं लिहिणारी प्रयोगशाळेतली बाई जास्त उपयोगाची. सोबत गुणपत्रकं, तुम्ही काय काय केलंत त्याची एक पानाची यादी आणि अंतिम तारीख द्या. आठवण एकदा करा, दुसऱ्यांदाही करा. आम्हाला त्याचा राग येत नाही.

इन्स्पायर मिळालेल्यांनी उन्हाळी प्रकल्पाची जागा फेब्रुवारीतच शोधायला लागावं. याबाबतीत आपण नशीबवान आहोत. दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, वास्कोला ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, जुन्या गोव्यात शेती संशोधन संस्था आहे, आणि विद्यापीठाचे विभाग आहेतच. शास्त्रज्ञांना छोटं, स्पष्ट ईमेल पाठवा: मी कोण, काय शिकते, तुमच्या कामातलं काय वाचलं, किती आठवडे येऊ शकते. पाच जणांना लिहिलं तर एकाचं उत्तर येतं असं धरून चाला. प्रकल्प संपला की अहवाल आणि मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र त्यांच्या सहीनिशी लगेच घ्या. शास्त्रज्ञ एकदा मोहिमेवर बोटीवर गेले की महिना-महिना भेटत नाहीत.

दुसऱ्या वर्षी

‘सेंट्रल सेक्टर’चं नूतनीकरण आपोआप होत नाही. दर वर्षी त्याच ओटीआरने पोर्टलवर ‘रिन्यूअल’ भरायचं. त्यासाठी वार्षिक निकालात निदान 50 टक्के गुण आणि 75 टक्के हजेरी लागते. एनएसएसचं शिबिर, आंतरकॉलेज स्पर्धा यांमुळे तास बुडत असतील तर हजेरीची सवलत तेव्हाच लेखी नोंदवून घ्या, मार्चमध्ये नव्हे. कॉलेज बदललंत, तर पडताळणी आता नव्या कॉलेजात होणार, म्हणून तिथल्या नोडल अधिकाऱ्याला पहिल्याच आठवड्यात गाठा. बँक सीडिंग दर वर्षी भरण्याआधी पुन्हा एकदा बघा. मधल्या काळात कुठे नवं खातं उघडलं असेल, एखाद्या ॲपवर संमती दिली असेल, तर आधार कदाचित तिकडे जोडलं गेलेलं असतं.